वडे गेटवर मिळतील

बटाटावडा हे अग्निशमनाचं साधन आहे, असं कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही. मी फायरमनचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा आम्हाला पाणी, फेस, पावडर, वाळू आणि ओलं गोणपाट एवढ्यावरच गुंडाळलं होतं. वड्याचा शोध आमच्या कारखान्यात लागला. त्या शोधापायी पुढे एका बाईचा जीव जायची वेळ आली, म्हणून ही हकिगत.

कारखाना केंद्र सरकारचा. चौक गावाकडून रसायनीकडे जाताना पाताळगंगा नदीच्या अलीकडे त्याचं धुराडं दिसायचं. नाव लिहीत नाही, कारण पाटीवर आता दुसरंच नाव आहे आणि तेही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. औषधं आणि रंग बनवणाऱ्यांना लागणारी कच्ची रसायनं आम्ही बनवायचो. मी भोईर, राहणार लोधिवली. वडिलांनी भातशेती केली, मी बंबावर चढलो तो सरकारने उतरवेपर्यंत उतरलो नाही.

लोकांना वाटतं फायरमन दिवसभर आगी विझवतो. तसं असतं तर कारखाना आठवडाभरात राख झाला असता. आमचं खरं काम म्हणजे होजपाईप वाळत घालणं, झडपा फिरवून बघणं, वेल्डिंग करणाऱ्याच्या मागे उभं राहून त्याला वैताग आणणं आणि वारा बघणं. रसायनाच्या कारखान्यात आगीपेक्षा वायू वाईट. आग निदान दिसते. अमोनिया नाकाला कळतो खरा, पण कळेपर्यंत छातीत उतरलेला असतो. त्यावर उपाय एकच. तोंडावर ओलं फडकं धरायचं आणि वाऱ्याला आडवं निघायचं. वाऱ्याबरोबर पळालात तर वायू तुमच्याबरोबर पळतो, वाऱ्यासमोर पळालात तर आपण होऊन त्याच्या तोंडात जाता.

वारा कळावा म्हणून उंच खांबावर एक कापडी पिशवी लावतात, दोन्ही बाजूंनी उघडी, सदऱ्याच्या बाहीसारखी. वारा शिरला की ती फुगून आडवी होते, आणि तिच्या शेपटीकडे बघून कुठे पळायचं ते ठरतं. आमची पिशवी एका पावसाळ्यात फाटली. आम्ही नवीन मागवली. खरेदी खात्याने विचारलं, जुनी फाटण्याचं कारण काय? आम्ही कळवलं, वारा. त्यावर, वारा लागणार नाही अशा ठिकाणी पिशवी का लावली नाही, याचा खुलासा मागवण्यात आला. शेवटी माझ्या बायकोने जुन्या नारिंगी परकराची पिशवी शिवून दिली आणि ती खांबावर चढली. दिल्लीहून आलेल्या एका बड्या पाहुण्याने वर बघून "व्हेरी गुड" म्हटलं. बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

असा आमचा कारखाना. बंबाला ड्रायव्हर तीन आणि बॅटरी एक, तीही पुष्कळदा साहेबांच्या गाडीत. मंत्र्यांच्या चिठ्ठ्या घेऊन लागलेली माणसं इतकी, की पगाराच्या दिवशी कारखान्यात गर्दी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी शुकशुकाट. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे सरकारी कारखान्याच्या आठवणींनी गळा काढणाऱ्यांतला मी नाही.

पण एक गोष्ट आम्ही नीट केली होती. ती केली आमचे पहिले फायर ऑफिसर चिटणीस साहेबांनी. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून ठाकूरवाडी, आणि पलीकडे कुणब्यांची दोन गावं. वायू सुटला तर आधी तीच माणसं मरणार. चिटणीसांनी वर्षभर वारा बघितला आणि जागा नक्की केली: डोंगराच्या उतारावरचं शाळेचं पटांगण. कारखान्यातून येणारा वारा दिवसाच्या कुठल्याही वेळी त्या बाजूला वळत नाही. भोंगा झाला की सगळ्यांनी ओलं फडकं तोंडाला लावून शाळेत यायचं, असं त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. पहिल्या वर्षी सरावाचा भोंगा झाला तेव्हा शाळेत दोनच जण आले, आणि ते तिथे आधीपासून पिऊन झोपलेले होते.

दुसऱ्या वर्षी चिटणीसांनी कँटीनवाल्याला कढई घेऊन शाळेत पाठवलं. गावांत दवंडी दिली: भोंगा होईल, येईल त्याला वडा. अख्खी पंचक्रोशी आली. म्हाताऱ्या आल्या, लेकुरवाळ्या आल्या, एकाने बैलसुद्धा आणला. ओली फडकी लावून आली, कारण फडकं नाही त्याला वडा नाही असा कायदा होता. आमच्या कारखान्यात उत्तम बनणारी वस्तू कोणती, असं कोणी विचारलं तर मी वड्याचंच नाव घेईन. रसायनं त्या खालोखाल.

सरावात एक बेशुद्ध माणूस लागतो. त्याला स्ट्रेचरवर घालून पळायचं असतं. ऑफिसातले कारकून तयार नव्हते आणि झाले असते तरी आम्हाला पेलले नसते. मग वाडीवरची बाळी पुढे आली. ती आमच्या कॉलनीत पावसाळ्यात रानभाज्या आणि उन्हाळ्यात करवंदं विकायची. अंगाने काटकुळी, तोंडाने तिखट. पेशंटला दोन वडे, एवढ्या बोलीवर ती दर वर्षी बेशुद्ध पडायला लागली.

"भोईरदादा, आवंदा जरा हळू आपटा रं," ती डोळे मिटूनच सांगायची. "मागल्या खेपंला कंबर धरली व्हती माजी. करवंदांचा सगला मोसम घरात बसले."

"बाळीबाय, पेशंट बोलत नसतो."

"मंग पेशंटला आपटत्यात काय?"

दर वर्षी तिचं बेशुद्ध पडणं सुधारत गेलं. जीभ बाहेर काढायची, डोळे फिरवायची, घशातून घरघर आवाज काढायची. एकदा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिने एक डोळा उघडून बघून घेतलं आणि पुन्हा बेशुद्ध झाली.

चिटणीस निवृत्त झाले आणि सराव कार्मिक खात्याच्या सातपुते साहेबांकडे गेला. सातपुत्यांना शाळेपर्यंतचा चढ पसंत नव्हता. दिल्लीच्या पाहुण्यांच्या बुटांना धूळ लागायची, आणि सुरक्षा सप्ताहाचा कापडी फलक लावला जायचा मुख्य गेटवर, त्यामुळे फोटोत फलक यायचा नाही. त्यांनी जमण्याची जागा बदलून गेटसमोरच्या शिरीषाखाली आणली. फोटोत तोंडं दिसावीत म्हणून ओल्या फडक्याचा कायदाही काढून टाकला. पाट्या रंगवून वाडीत आणि दोन्ही गावांत लावल्या: भोंगा वाजताच मुख्य गेटवर यावे. वडे गेटवर मिळतील.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "साहेब, दुपारचा वारा टाक्यांवरून थेट गेटवर येतो. तुम्ही माणसांना वायूकडे यायला शिकवताय."

"भोईर, सराव आहे हो नुसता," सातपुते म्हणाले. "खऱ्या वेळी वडे कोण वाटणार आहे?"

मी चरफडत बाहेर आलो. पुढची सगळी वर्षं भोंगा झाला की गावं गेटवर यायची. ज्या पोरांना आयांनी कडेवर घेऊन आणलं होतं, ती मोठी होऊन आपली पोरं कडेवर घेऊन गेटवर यायला लागली. बाळी शिरीषाखाली पडायची.

मग देशाची दारं उघडली म्हणतात. आमची आधीपासूनच उघडी होती, त्यातून काय बाहेर जातंय ते बघणारा कोणी नव्हता. परदेशी माल न्हावाशेवा बंदरात उतरू लागला आणि आमच्या गोदामात आमचा माल साचत गेला. तोवर स्पर्धा म्हटलं की आम्हाला सुरक्षा सप्ताहातली घोषवाक्य स्पर्धा माहीत होती. सरकारने आमचे हातपाय बांधले, पाताळगंगेत टाकलं आणि काठावरून म्हणालं, हं, आता पोहा. जुनी यंत्रं बदलायची परवानगी दिल्लीने द्यायची, ती यायची नाही. संचालकाची खुर्ची दिल्लीने भरायची, ती रिकामी. खुर्चीचा जादा भार ज्याच्यावर तो साहेब दुसऱ्याच राज्यात, आणि महिन्यातून एकदा येऊन आमच्यावर ओरडणार की तुम्हाला बाजार कळत नाही.

त्या काळात शेजारच्या खासगी कारखान्यांकडे बोट दाखवून आम्हाला उठताबसता ऐकवायचे, बघा, याला म्हणतात कार्यक्षमता. त्यातल्या एकाची कार्यक्षमता मी आतून पाहिली. रंगाचा कारखाना. दुपारी फोन आला, आग लागलीय, तुमचा बंब पाठवा. त्या पट्ट्यात कोणाकडेही आग लागली तरी बंब आमचाच जायचा, कारण बाकीच्यांनी बंब ठेवण्याइतका मूर्खपणा केलेला नव्हता. आम्ही पोचलो. आवारात पाण्याचे लालभडक नळखांब ओळीने उभे. मी धावत जाऊन होज जोडला, चाक फिरवलं. थेंब नाही. दुसरा खांब, थेंब नाही. तिसऱ्याला माझ्या सोबत्याने रागाने लाथ घातली तर खांबच कलला. खाली पाईप नव्हता. तपासनीस यायच्या आधी खड्डा खणून, सिमेंटात रोवून, रंग देऊन उभे केलेले खांब होते ते सगळे.

मालक शेजारी उभा होता. मी म्हटलं, "शेठ, हे काय?"

"अरे, कागदावर पाहिजे ना," शेठ म्हणाला. "पाणी तुमच्या बंबात असतंच की."

बंबातलं पाणी संपलं, मग नदीवरून ओढलं. आग संध्याकाळपर्यंत चालली. त्या शेठला त्याच वर्षी उद्योजकतेचं कुठलंसं मानचिन्ह मिळालं. आम्हाला आमच्या साहेबांनी विचारलं, बंब परवानगीशिवाय गेटबाहेर कसा गेला?

मग आला सल्लागार. कारखान्याचा कुठला भाग ठेवायचा आणि कुठला कापायचा हे ठरवायला सरकारने एक कंपनी नेमली होती, तिचा हा पोरगेलासा माणूस. बोलायला गोड, पुण्याचा. लॅपटॉप उघडून त्याने मला विचारलं, "तुमच्या विभागाने गेल्या वर्षी कारखान्यात किती आगी विझवल्या?"

"एकही नाही," मी छाती पुढे काढून सांगितलं. "लागूच दिली नाही."

"म्हणजे आउटपुट शून्य," तो म्हणाला आणि त्याने तसं टाकलं.

"अहो, शून्य आगी हेच तर आमचं काम!"

"बरोबर आहे सर, पण ते मोजता येत नाही ना. आणि बाहेरच्या आगी विझवता, ते तर स्पर्धकांना फुकट मदत करणं झालं."

त्यावर काय बोलायला हवं होतं ते घरी भात कालवताना सुचलं, आणि मी एकटाच ताटासमोर हातवारे करत राहिलो. पण घरी सुचलेलं ऐकून घ्यायला सल्लागार घरी येत नसतात. त्याने नंतर सरावाबद्दलही विचारलं. वडे हा अनुत्पादक खर्च ठरला. वाऱ्याची पिशवी, भोंग्याची देखभाल, गावांचा सराव, आम्ही, सगळं एका रकान्यात बसलं आणि त्या रकान्यावर काट मारली गेली.

आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कोणाची ते विचारू नका. बंब भंगारात गेला. तो ओढून नेताना त्याची घंटा रस्ताभर वाजत होती आणि मी रडलो, त्याची मला लाज वाटत नाही. कारखान्याचे तुकडे झाले. जमिनीवर गोदामं उठली, यंत्रं कापून विकली. एवढं करून अमोनियाच्या टाक्या आणि त्यांवर चालणारा एक प्लांट तेवढा चालू राहिला, कारण तो नफ्यात होता. तो एका खासगी कंपनीकडे गेला. आगीतून उठून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच, फक्त फुफाट्याला आता काचेची केबिन होती. सरकारी अमलात टाकीवर तीन माणसं असायची, त्यांतली दोन झोपलेली. नव्या अमलात एकच माणूस, कंत्राटी, तो बिचारा झोपायलासुद्धा मोकळा नव्हता.

मी नाक्यावर सिलिंडर भरून द्यायचं दुकान टाकलं. आग विझवायचे ते लाल सिलिंडर. गिऱ्हाइकं कर्जतच्या फार्महाऊसवाली. एका बाईंना सिलिंडर भिंतीला शोभेल अशा फिकट निळ्या रंगात हवा होता. दुसरे एक गृहस्थ दर वर्षी माझ्याकडून नव्या तारखेची चिकटपट्टी मागायचे, सिलिंडर भरून नको, असं स्पष्ट सांगून. सगळा देशच नळखांब रंगवायला निघालाय असं मला त्या दिवसांत वाटायचं, अजूनही वाटतं.

अशात एका दुपारी भोंगा झाला.

कित्येक वर्षांनी झाला. मी दुकानात वाकून काम करत होतो, तसाच ताठ झालो. टाकीवरच्या त्या एकट्या कंत्राटी माणसाने दाबला असणार. त्याचं काम त्याने केलं. रस्त्यावर बघतो तर वाडीवरून आणि गावांतून माणसं निघालेली, बायका, पोरं, म्हातारे, आणि सगळ्यांची तोंडं हसरी.

"भोईरदादा, कंपनी पुन्यांदा चालू झाली वाटतं रं!" वाडीवरची ठमी मला ओरडून म्हणाली. "भोंगा झाला! चला गेटवर!"

त्यांना वाटलं कारखाना परत आला. भोंगा आला म्हणजे सराव आला, सराव आला म्हणजे साहेब आले, साहेब आले म्हणजे कामं आली. इतकी वर्षं बेकार बसलेल्या माणसांनी भोंग्याचा दुसरा अर्थ का लावावा? आम्हीच शिकवलं होतं त्यांना.

तेवढ्यात मला वास आला. नाकात सुई घुसावी तसा. मी टॉवेल पाण्याच्या पिंपात बुडवला, तोंडाला गुंडाळला आणि स्कूटर काढली.

गेट बंद. एजन्सीचे दोन पहारेकरी तोंडाला रुमाल बांधून आत मागे सरकलेले, आणि लोकांना म्हणतायत, "कुछ नहीं हुआ, कुछ नहीं हुआ." गेटबाहेर ही गर्दी. डोळे चोळतायत, शिंकतायत, पण कोणी हलत नाही, कारण आपण बरोबर जागी आलोय याची सगळ्यांना खात्री. जुनी पाटी अजून खांबावर लटकत होती.

शिरीषाखाली कोंडाळं करून माणसं हसत होती. मध्ये बाळी. ती सगळ्यांच्या आधी आली होती आणि आपल्या जागी आडवी झाली होती. आता तिचे केस पांढरे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडाला फेस, घशातून घरघर.

"बघ कशी करते! काय इसारली नाय अजून!" कोणीतरी म्हणालं.

"दोन वड्यांसाठी मरंल ही बाय!"

मी गर्दीत घुसलो. तिचा चेहरा जवळून बघितला. हा खोटेपणा नव्हता. मी टॉवेल सोडून तिच्या तोंडावर टाकला आणि ओरडलो, "वायू सुटलाय! पळा! शाळेकडे पळा!"

कोणी हललं नाही. एक म्हातारा मला समजावत म्हणाला, "भोईर, तू घाई करू नको रं. सायेब येऊ दे. मंग उचल तिला."

मी शिव्या दिल्या, ढकललं. लोक हसले. फायरमन दर वर्षी ओरडायचेच, तो सरावाचाच भाग. टाक्यांच्या बाजूने पांढरा लोट जमिनीलगत गेटकडे सरकत होता. मग मला काय सुचलं ते सुचलं. मी फुप्फुसात होतं नव्हतं तेवढं सगळं लावून ओरडलो, "वडे शाळेत हायत! आवंदा वडे वर, शाळेत!"

गर्दी फिरली. एका क्षणात फिरली. आधी पोरं सुटली, त्यांच्यामागे बाया, मग म्हातारे काठ्या टेकत. सगळा जमाव वाऱ्याला आडवा, चढाच्या दिशेने पळाला. मी बाळीला खांद्यावर टाकली. ती पूर्वी हलकी होती, आता तर वजनच नव्हतं. माझं वय तेव्हा चढ चढण्याचं नव्हतं, पण चढलो. वाटेत ती खोकली आणि मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

वर पटांगणात पोचलो तर मला सगळ्यांनी घेरलं. वडे कुठायत? कढई नाही, कँटीनवाला नाही. "फसवलंस रं भोईर," ठमी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "म्हातारपणी अशी मस्करी करतंस?" मी दमून खाली बसलो होतो, बोलता येत नव्हतं. मी नुसतं खाली बोट दाखवलं. गेट दिसत नव्हतं. शिरीष दिसत नव्हता. जिथे सगळे मघाशी उभे होते तिथे पांढरं धुकं बसलं होतं. मग बायका आपापली पोरं मोजायला लागल्या आणि पटांगणावर इतकी शांतता झाली, की शाळेतल्या मास्तरांना वर्गात ओरडण्याचं थांबवून बाहेर यावं लागलं.

झडप बंद व्हायला तासभर गेला. अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात बाळी पुष्कळ दिवस होती. जगली. पण आवाज गेला तो गेलाच, आता घशातून फाटक्या भात्यासारखा येतो, आणि चढ चढताना दर थोड्या अंतरावर बसावं लागतं.

आणि कंपनीने काय केलं? त्याच संध्याकाळी वार्ताहरांना सांगितलं की आज आमच्याकडे आपत्कालीन सराव झाला, परिसरातील ग्रामस्थांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. रात्र पडायच्या आत ठाकूरवाडीवर एक टेंपो आला. त्यात वडे होते. गरम होते, पाकिटावर कंपनीचं चिन्ह होतं. सराव होता याचा पुरावा वाटत फिरत होते ते. लोकांनी खाल्ले. भुकेल्या माणसांना मी नावं ठेवणार नाही. पण सरकारी कारखान्यात सातपुते म्हणाले होते, खऱ्या वेळी वडे कोण वाटणार आहे, त्याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. खासगीत कार्यक्षमता वाढते ती अशी.

आता आम्ही आमचा सराव करतो. मी, बंबावरचे माझे दोन जुने सोबती आणि वाडीवरच्या बाया. भोंगा नाही, शाळेची घंटा बडवतो. वडे शाळेच्या पटांगणातच, ओलं फडकं नाही त्याला वडा नाही. खालची ती पाटी मी स्वतः उपटून आणली आणि तिच्यावर कढई ठेवतो. बाळी पेशंट होत नाही. ती कढईशेजारी बसून वाटते.

गेल्या खेपेला कंपनीचा समाजसेवा खात्याचा अधिकारी आला. सोबत फोटोवाला आणि गुंडाळलेला फलक. आधी खालून फोन करून म्हणाला, काका, तुमचा उपक्रम छान आहे, आपण तो गेटवर घेऊया का, तिथे बोर्ड चांगला येतो. मी म्हटलं, वर या. आला, धापा टाकत. त्याने फलक लावायला लावला, मग चारी बाजूंना बघून म्हणाला, "काका, स्ट्रेचरचा एक फोटो हवा होता. त्या मावशी पेशंट व्हायच्या ना पूर्वी? त्याच झोपल्या तर खूप टची होईल."

मी काही बोलायच्या आत बाळी उठली. झारा हातात तसाच. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, श्वास जमवला आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "मी एकडाव झोपले ना रं, बाबा. आता तू झोप. आमी उचलतो."

तो झोपला नाही. वडा मात्र खाल्ला.